उत्पलाचं भाषण

इशाऱ्याची घंटा वाजली तरी उत्पला थांबली नाही. तसं ठरलेलंच होतं. सहाव्या मिनिटाला पहिली घंटा, आठव्याला दुसरी, आणि मधल्या दोन मिनिटांत शेवटचा परिच्छेद, तोही आवाज न चढवता. बाबर सरांनी पंधरा दिवस हेच घोटून घेतलं होतं. छातीवर चौदा नंबरचा बिल्ला लावून ती व्यासपीठावर उभी होती आणि माझं वाक्य म्हणत होती.

"माझ्या मार्कांनी मला जे दिलं, ते माझ्या आडनावानं काढून घेतलं."

सांगलीच्या त्या सभागृहात चारशे माणसं तरी असतील. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की खाली मान घालून गुण लिहिणाऱ्या परीक्षकांनीही वर पाहिलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी मांडीखाली हात दाबून बसलो होतो, नाहीतर उठून उभाच राहिलो असतो. त्या टाळ्या माझ्या होत्या आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

नव्वद साल. मंडल आयोगावरून देशभर आग लागली होती आणि आमच्या विट्याच्या कॉलेजातही कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मेडिकलचा प्रवेश दोन मार्कांनी हुकल्यामुळे तिथे येऊन पडलेला, आणि ते दोन मार्क कुणी खाल्ले याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. शिरीष दाबके हे नाव घेतलं की लोकांना माझं मत न विचारता कळायचं, इतका मी ते सगळीकडे सांगत फिरायचो.

वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'राखीव जागा आता बंद झाल्या पाहिजेत'. प्रत्येक कॉलेजचे दोन स्पर्धक, एक बाजूने बोलणारा आणि एक विरोधात. आमची जोडी होती मी आणि बी.ए.ची उत्पला माने. उत्पला एस.टी. स्टँडमागच्या बौद्धवस्तीत राहायची. तिचे वडील डेपोत मेकॅनिक होते. तिच्या नावावरून किंवा आडनावावरून बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं, पण आमच्या गावात अशा गोष्टी कुणी कुणाला सांगाव्या लागत नसत. तर सरळ हिशेबानं मी बाजूने बोलायचं आणि तिनं विरोधात. बाबर सरांनी उलटं केलं.

सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि सलग चार वर्षं त्यांनी कुठला ना कुठला फिरता चषक कॉलेजात आणला होता. त्यांची रीत अशी होती की ज्याचं मत आहे त्यानं भाषण लिहायचं आणि ज्याचं मत नाही त्यानं ते बोलायचं. स्वतःचं मत बोलायला लागला की माणूस भांडतो, आणि भांडणाऱ्याला गुण मिळत नाहीत, असं ते म्हणत. स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर 'भाषण स्वतः तयार केले आहे' या ओळीखाली आम्ही सही करायचो आणि सर तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघायचे.

अशा तऱ्हेनं फिजिक्सच्या लॅबमध्ये आम्ही कागदांची अदलाबदल केली. माझं भाषण तिनं उभ्यानंच वाचलं. ते आडनावाचं वाक्य आल्यावर विचारलं, "हे तुझं खरंच झालंय?"

मी म्हटलं, "दोन मार्क." पेन मागून तिनं एक क्रियापद तेवढं दुरुस्त केलं. तिचं भाषण डेपोतल्या सुट्या भागांच्या मागणीपत्रांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेलं होतं, चार पानं. मी ते समीकरणं पाठ करतात तसं पाठ केलं.

स्पर्धेत माझा बोलण्याचा क्रमांक नववा होता. मी दुसऱ्या मिनिटाला पोहोचतो न पोहोचतो तोच मागून पोरांनी हुर्यो सुरू केली. कुणीतरी 'बसा खाली' म्हणून ओरडलं. मी घोडं दामटलं आणि पहिल्या घंटेच्या आधीच सगळं संपवून खाली आलो. मला वाईट वाटलं नाही. ती पोरं माझ्याच बाजूची होती, त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग उत्पला बोलली आणि काय झालं ते सांगितलंच. ती पहिली आली, मी कसाबसा तिसरा, आणि चषक आमचा. बक्षीस समारंभानंतर तिला बायकांनी गराडा घातला. खांद्याला झोळी लावलेला एक वार्ताहर माझ्याकडे आला आणि त्यानं चौदा नंबरचं नाव विचारलं. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. तो लिहून वळलासुद्धा होता. मी त्याला थांबवलं आणि ती कोणत्या समाजाची आहे ते सांगितलं.

त्यानं विचारलं नव्हतं. मी सांगितलं. का, ते तेव्हाही मला चांगलं ठाऊक होतं. माझ्यासारख्यानं तेच म्हटलं असतं तर ती रड झाली असती. तिनं म्हटलं म्हणजे ते सिद्ध झालं, असा माझा हिशेब होता. वार्ताहरानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, वही पुन्हा उघडली आणि बराच वेळ लिहीत राहिला.

परतीच्या बसमध्ये चषक तिच्या मांडीवर होता. तासगाव मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, "टाळ्या पडल्या ना, तेव्हा मला पटत होतं."

"मग? पटण्यासारखंच आहे ते," मी हसून म्हटलं.

"हसू नकोस," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

मंगळवारी बातमी आली. 'राखीव जागा नकोत : दलित विद्यार्थिनीचे रोखठोक मत.' खाली चौकटीत तिचं नाव आणि अवतरणचिन्हांत माझी वाक्यं, एकही शब्द न बदलता. कट्ट्यावर मला खांद्यावर घेणंच बाकी होतं. दोस्तांना माझं लिखाण ओळखू आलं होतं आणि मी मानभावीपणे नाही नाही म्हणत होतो. बाबर सरांनी पेपर वाचून घडी घातला आणि तिची जात यांना कुणी सांगितली म्हणून विचारलं. मी खांदे उडवले.

बुधवारी उत्पला कॉलेजात आली नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलीकडून एकेक कळत गेलं. तिचे वडील वस्तीच्या मंडळाचे चिटणीस होते. मंडल आयोगाच्या बाजूनं तहसीलवर मोर्चा न्यायचा म्हणून ते महिनाभर वाडीवाडीत सायकलवरून हिंडत होते. मंगळवारच्या बैठकीत कुणीतरी त्यांच्यापुढे तो पेपर ठेवला आणि म्हणालं, मिस्त्री, आधी घरात बघा. त्यांनी खिशातलं मंडळाचं शिक्कापॅड काढून सतरंजीवर ठेवलं आणि घरी गेले. भाषण माझं नव्हतं, दाबक्यानं लिहून दिलं होतं, असं उत्पला सगळ्यांना सांगत होती. पण वस्तीतला एक कंडक्टर त्या दिवशी सांगलीत सभागृहात होता. त्यानं सांगितलं की पोरगी पोटातून बोलत होती, दुसऱ्याचं असं कुणी बोलत नाही. ती चांगली बोलली होती, हेच तिच्या अंगाशी आलं. आता ती म्हणत होती की कॉलेज पुरे. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख सोमवार होती.

त्या दिवसांत सायकल काढायची, स्टँडपर्यंत जायचं आणि रसवंतीपाशी वळून परत यायचं, असं मी चारदा केलं असेल. स्वतःला समजवायचो की माझं मत चुकीचं कुठे आहे? मत तर बरोबर आहे. तरी स्टँडच्या पुढे सायकल जात नव्हती. शनिवारी बाबर सरांच्या घरी गेलो आणि म्हटलं की मी उद्या वस्तीत जाऊन खरं काय ते सांगतो. सर म्हणाले की बाहेर फुटलं तर चषक परत मागतील. मग म्हणाले, मागितला तर देऊ, तू जा. मी चप्पल घालत होतो तेव्हा त्यांनी पाठीमागून विचारलं, "जात तूच सांगितलीस ना, शिरीष?" मी मागे न बघता बाहेर पडलो.

रविवारी सकाळी गेलो तेव्हा समाजमंदिरात वंदना नुकतीच संपली होती. सतरंजीवर तीसेक माणसं बसलेली, बायका एका बाजूला, पांढऱ्या साड्यांत. समोर बुद्धमूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, उदबत्तीचा वास. विट्यात जन्म गेला तरी मी त्या इमारतीत पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. उत्पला दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी होती. मला बघून तिनं नजर दुसरीकडे वळवली. तिचे वडील सगळ्यात मागे बसले होते, किरकोळ अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत ग्रीसच्या काळ्या रेघा. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि पाठ करून आणलेलं एका दमात बोलून टाकलं, की काका, ते भाषण माझं आहे, तिचा त्यात एक शब्द नाही.

"बस खाली," ते म्हणाले. मी बसलो. "पोरगी बी हेच म्हणती. पर ती माझी पोरगी हाय अन् तू तिचा दोस्त. लोकांनी का म्हणून इस्वास ठेवायचा?"

पुढे बसलेला कंडक्टर वळून म्हणाला, "मी सोता ऐकलंय ते. दुसऱ्याचं लिवलेलं आसं येत न्हाई तोंडातनं."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "तू लिवलंस न्हवं? मग म्हणून दाव. हितंच, उभं ऱ्हाऊन."

मला वाटलं ते चिडवताहेत. पण त्यांनी लोकांना सरकून बसायला सांगितलं आणि मूर्तीच्या एका अंगाला जागा करून दिली. त्या तीस माणसांपुढे, त्या फोटोखाली, राखीव जागा का बंद व्हायला हव्यात हे मी बोलू लागलो.

आता एक गोष्ट कबूल करतो. पहिली तीन वाक्यं जीव मुठीत धरून म्हटली, पण चौथ्यापासून मला मजा यायला लागली. सवयीचा परिणाम असेल. माझी वाक्यं, माझ्या तोंडून, पहिल्यांदाच. गुणवत्तेची घसरण झाली, चाळीस वर्षांची मुदत झाली, हातवारे आपोआप होत होते. समोर कुणी हलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. एवढ्या नीट मला त्याआधी कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आणि मग मी त्या वाक्यावर आलो, आवाज खाली घेतला, दम धरला, आणि म्हटलं की माझ्या मार्कांनी मला जे दिलं, ते माझ्या आडनावानं काढून घेतलं.

बायकांमध्ये पुढेच बसलेल्या एक म्हाताऱ्या मावशी एकदम बोलल्या.

"खरं हाय लेकरा. आमच्या वसंताचं बी आसंच झालं. म्याट्रिकला शाळंत पयला. पेढीवर लावून घेतो म्हणालं हुतं. शेटनं आडनाव इचारलं अन् दारातनंच माघारी धाडला."

त्या माझ्याकडे मायेनं बघत होत्या. आपलंच दुःख या पोरानं कुठूनतरी ऐकून लिहिलं, अशी त्यांची समजूत झाली होती. शेजारच्या बाईनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तरी त्या मान डोलावत राहिल्या. माझा हात हवेतच राहिला होता, तो कसा खाली घ्यायचा ते कळेना. ते वाक्य मी रात्र रात्र बसून घडवलं होतं आणि ते या बाईंच्या घरात माझ्या जन्माआधीपासून राहत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"फुडं?" मिस्त्री म्हणाले.

उरलेला परिच्छेद मी विजेचं बिल वाचावं तसा म्हणून संपवला. शेवटी कंडक्टरनं सुस्कारा टाकला. "ह्यानंच लिवलंय. मधी एक बी ठेच लागली न्हाई." दोघातिघांनी माना हलवल्या. एकानं उठून ते शिक्कापॅड मिस्त्रींच्या हातात नेऊन दिलं. झालं, सुटलो, असं मनात म्हणत मी चपलांकडे निघालो.

"थांब जरा," मिस्त्री म्हणाले. "पोरीनं तुला लिवून दिलं हुतं, ते आता म्हण. आमच्या लोकांनी ते ऐकलं न्हाई."

मी वळून पुन्हा जागेवर उभा राहिलो. तोंड उघडलं. 'सन्माननीय परीक्षक' एवढं आठवलं, पण ते माझ्याही भाषणात होतं. त्यानंतर काही नाही. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाठ केलेलं, सात दिवसांपूर्वी चारशे लोकांपुढे म्हटलेलं, तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस घेऊन आलेलं ते भाषण. मी डोळे मिटले, मागणीपत्राचा निळा कागद दिसला, त्यावरचं तिचं तिरकं अक्षर दिसलं, शब्द मात्र एकही दिसेना. मी माझंच कुठलं तरी वाक्य उलटं करून सुरुवात केली आणि मध्येच थांबलो.

"कागुद असंल की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच सहन होत नव्हतं.

"सभागृहात राहिले, काका. खुर्चीखाली."

भिंतीजवळून उत्पला बोलली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच बोलणं. "ऱ्हाऊ द्या आप्पा. त्याला टाळ्या न्हवत्या पडल्या."

मिस्त्रींनी शिक्कापॅड खिशात घातलं, लेकीला म्हणाले की उद्या सकाळी पहिल्यांदा फॉर्म भरून ये, आणि मला म्हणाले की चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. लोक उठून बाहेर जात होते. मी तिथे सतरंजीवर बसून चहा प्यायलो. तो मावशींनीच आणून दिला होता.

सोमवारी उत्पलानं फॉर्म भरला. माझ्याशी ती बोलायची, पण कामापुरतं, आणि पुन्हा कुठल्या स्पर्धेला उभी राहिली नाही. माझं मत त्या रविवारी बदललं असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. पुढची चार-पाच वर्षं मी तेच बोलत होतो, फक्त आता कुणी ऐकून घ्यायला लागलं की अस्वस्थ व्हायचो. पुढच्याच फेब्रुवारीत विद्यार्थ्यांच्या एका सभेत मला आग्रहानं उभं केलं. मी त्या वाक्यापाशी आलो आणि ते म्हणताच येईना. लोकांना वाटलं मी विसरलो, आणि त्यांनी मला धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरून सरळ घरी गेलो. मग नोकरी, बदल्या, वाचन, माणसं, आणि कधीतरी लक्षात आलं की मी दुसऱ्या काठावर येऊन उभा आहे आणि घरातले, मित्र, सगळे माझ्याशी भांडताहेत. आता मी राखीव जागांच्या बाजूनं लेख लिहितो. शिव्यांची पत्रं येतात.

गेल्या वर्षी बाबर सर गेले. कॉलेजात शोकसभा होती, तिथे उत्पला भेटली. ती कोल्हापुरात वकिली करते. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. सभा सुरू व्हायला वेळ होता म्हणून आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. तेहतीस वर्षं जे मानेवर घेऊन फिरत होतो ते मी तिला सांगून टाकलं, की त्या वार्ताहराला तुझी जात मी सांगितली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय तिथं सांगणारं होतं कोण?"

मग आप्पांचं विचारलं. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. माझे लेख ती वाचते म्हणाली, बरे असतात म्हणाली. मला धीर आला. मी म्हटलं, "उत्पला, एक मागू? ते भाषण मला पुन्हा लिहून दे. तू मला दिलेलं. मला खरंच वाचायचंय ते. या वेळी नीट वाचेन."

मला वाटलं रागावली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि समोरच्या ग्राउंडकडे बघत कितीतरी वेळ आठवत राहिली. ओठ हलत होते.

"सुरुवातीला आप्पांच्या आईचं काहीतरी होतं," ती म्हणाली. "काय होतं? नाही रे. गेलं ते. पुष्कळदा बसले मी आठवायला, आप्पांनीही मागितलं होतं. नाही येत."

आत कुणीतरी माईक तपासत होतं.

"तुझं मात्र सगळं येतं मला," ती म्हणाली. "अजून. पहिल्या शब्दापासून."